बटण बाईचे, पटकथा कुणाची?

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत एका पोराने आपल्या आयटीत लागलेल्या भावाचा लॅपटॉप आणला. अभ्यासाचा नव्हे, गेमिंगचा. रविवारचा अभ्यासवर्ग संपला होता, चहा यायचा होता, तेवढ्यात सात-आठ पोरापोरींनी त्याच्याभोवती कोंडाळे केले. गेम होता ‘ॲसॅसिन्स क्रीड ओडिसी’. सुरुवातीलाच पडद्यावर दोघे उभे राहतात. अलेक्सियोस आणि कसँड्रा, भाऊ आणि बहीण. यातला कुणी एक निवडा, म्हणजे पुढची सगळी कथा त्याची किंवा तिची. पोरांनी एका सुरात ‘अलेक्सियोस’ म्हटले. बारावीतली एक मुलगी म्हणाली, ‘कसँड्रा घे.’ त्यावर एक जण म्हणाला, ‘अगं, त्या काळात बायका लढायच्या का? हिस्टरी आहे ही.’ ती म्हणाली, ‘आणि गरुडाच्या डोळ्यांनी बघणारा माणूस त्या काळात होता का?’

हसणे झाले आणि अलेक्सियोसच घेतला गेला, कारण लॅपटॉप पोराचा होता. इथेच लेख संपवला असता तरी चालले असते, कारण लॅपटॉप कुणाचा हाच खरा मुद्दा आहे. पण आपल्यातले काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतात की अत्याचाराच्या केसेस पडल्या आहेत, शिष्यवृत्ती अडली आहे, आणि तुम्ही व्हिडिओ गेमवर काय लिहिता? त्यांना आमचे नम्र उत्तर असे की आपली पोरे अथेन्स, पॅरिस आणि जपानचा इतिहास आता शाळेच्या पुस्तकातून शिकत नाहीत, इथून शिकतात. ज्या चळवळीने इतिहास कोण लिहितो या प्रश्नावर शंभर वर्षे झुंज दिली, तिने इथे डोळे मिटून घ्यावेत हे आम्हाला पटत नाही.

आधी कंपनीचा हिशेब. ही मालिका युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची. २०१४ साली तिचा ‘युनिटी’ हा गेम आला, फ्रेंच राज्यक्रांतीवरचा. चार मित्रांनी मिळून खेळायची सोय होती, पण चौघेही पुरुष. बाई का नाही, असे विचारल्यावर कंपनीच्या माणसांनी सांगितले की बाई घ्यायची तर ॲनिमेशन दुप्पट, आवाज दुप्पट, कपडे दुप्पट, फार काम वाढते. याच मालिकेच्या आधीच्या एका गेमचे ॲनिमेशन सांभाळलेल्या जोनाथन कूपर यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितले की हे एक-दोन दिवसांचे काम आहे. आता गंमत बघा. ज्या क्रांतीत ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या बाजारातल्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, ज्या क्रांतीत ओलाँप द गूजने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये तिचे डोके उडवले गेले, ज्या क्रांतीतला सर्वांत गाजलेला खून, मारा याचा, शार्लोत कोर्दे या बाईने केला, त्या क्रांतीवर मारेकऱ्यांचा गेम काढायचा आणि त्यात खेळायला बाई नाही! कारण काय, तर ॲनिमेशन परवडत नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतली नाही, बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे बाबासाहेबांनी १९५४ च्या आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितले होते. ते का सांगितले, याचा एक छोटा दाखला इथेही मिळतो.

मग २०१५ मध्ये ‘सिंडिकेट’ आला. त्यात व्हिक्टोरियन लंडनमधली जुळी भावंडे, जेकब आणि एव्ही. २०१७ मध्ये ‘ओरिजिन्स’, इजिप्तमधला बायेक आणि त्याची बायको आया. २०१८ मध्ये ‘ओडिसी’. २०२० च्या जुलैमध्ये ब्लूमबर्गच्या जेसन श्रायर या पत्रकाराने कंपनीतल्या लोकांशी बोलून जे छापले ते वाचा. सिंडिकेटमध्ये दोघा भावंडांना सारखा वाटा द्यायचे ठरले होते, तो जेकबकडे झुकवला. ओरिजिन्समध्ये बायेकला सुरुवातीलाच बाजूला करून कथा आयाच्या हाती द्यायची होती, ते बारगळले. आणि ओडिसीत तर मुळात एकटी कसँड्राच नायिका होती, पण बाई नायिका असलेला गेम खपत नाही असे वरून सांगण्यात आले. मग अलेक्सियोस आला. म्हणजे जिला आपण ‘कंपनीने मुलींनाही पर्याय दिला’ म्हणून टाळ्या वाजवतो, ती निवड प्रत्यक्षात एका बाईच्या घरात पुरुषाला अर्धी जागा काढून देण्याची होती! वर डब्यावर फोटो अलेक्सियोसचा. ज्या सर्ज हास्कोएत यांच्या हाती त्या काळात सगळ्या गेमची अंतिम मंजुरी होती, त्यांना त्याच महिन्यात कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारींच्या लाटेत पद सोडावे लागले. पुढे २०२५ मध्ये फ्रान्समधल्या न्यायालयाने त्यांच्यासह तीन माजी अधिकाऱ्यांना छळाच्या प्रकरणात दोषी ठरवले. पडद्यावरची बाई आणि कचेरीतली बाई यांचे नशीब एकच टेबल ठरवत होते, हे आम्हाला मुद्दाम नोंदवायचे आहे.

आता ‘हिस्टरी आहे ही’ म्हणणाऱ्यांकडे वळू. अभ्यासिकेतले पोर अजाण होते, त्याच्यावर आमचा राग नाही. पण जगभर या युक्तिवादाची एक फौज आहे. यांना पिरॅमिडखाली मानवाआधीच्या संस्कृतीची यंत्रे चालतात, शंभर फुटांवरून गवताच्या गाडीत उडी मारून जिवंत राहणारा माणूस चालतो. इतिहासाची आठवण होते ती बाई दिसली की, नाहीतर काळा माणूस दिसला की. ‘शॅडोज’ची घोषणा झाली तेव्हा काय गदारोळ झाला ते आठवा. त्यात दोन नायक आहेत, नाओए ही काल्पनिक जपानी मुलगी आणि यासुके हा आफ्रिकी माणूस. यासुके तर कल्पनाही नाही. १५८१-८२ मध्ये तो ओदा नोबुनागाच्या पदरी होता याच्या नोंदी आहेत. तरी आरडाओरड झाली की हा इतिहासावर अन्याय आहे. ही भाषा आपल्याला नवी आहे का? ‘त्या काळात तुमचे लोक कुठे होते?’ हा प्रश्न आपल्याला शाळेपासून विचारला जातो. नोंदणारे तुम्ही, नोंद वगळणारे तुम्ही, आणि नोंद नाही म्हणून अस्तित्वच नव्हते असा निकाल देणारेही तुम्ही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत, त्यांच्या दारात बसून मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध केले, तेव्हा त्यातली अनेक नावे आपल्याच चळवळीच्या लिखाणातही सापडत नव्हती. तो आरसा आपल्यालाही आहे, हे आम्ही विसरत नाही.

इथपर्यंत आमच्याशी बहुतेक पुरोगामी सहमत होतील. यापुढे होणार नाहीत. कारण आमचे म्हणणे असे की कसँड्रा निवडता आली म्हणजे न्याय झाला, असे मुळीच नाही.

ओडिसी घडतो तो इ. स. पूर्व ४३१ च्या ग्रीसमध्ये. त्या काळच्या अथेन्समध्ये नागरिकाच्या बायकोला मत नव्हते, आयुष्यभर तिचा कुणीतरी पुरुष पालक असे, तिच्या नावाने मोठा व्यवहार होत नसे. ऑलिम्पिकच्या मैदानात बाई खेळाडू म्हणून उतरू शकत नव्हती. पुढे स्पार्टाची राजकन्या किनिस्का जिंकली ती रथाच्या घोड्यांची मालकीण म्हणून. गेममध्ये मात्र कसँड्रा अलेक्सियोसइतक्याच सहज ऑलिम्पियाच्या मल्लयुद्धात उतरते. पेरिक्लीसच्या घरच्या मेजवानीत घरंदाज बायकांना जागा नव्हती, तिथे ती अलेक्सियोससारखीच हिंडते, सॉक्रेटिसाशी वाद घालते. दोघांचे संवाद जवळपास तेच, कामे तीच, मजुरी तीच. तुम्ही ज्याला निवडत नाही तो शत्रूपक्षातला दैमोस होतो, म्हणजे तिथेही नुसती अदलाबदल. निवड करून झाली की जगाला त्याचा पत्ता नसतो. बाई असणे म्हणजे फक्त वेगळा चेहरा आणि वेगळा आवाज!

यात वाईट काय, असे कुणी विचारेल. वाईट हे की शोषणाची व्यवस्था अशा वेळी शोषिताच्या अंगावरच्या रंगासारखी दिसू लागते, झटकली की गेली. इजिप्तवरच्या शैक्षणिक आवृत्तीत याच कंपनीने प्राचीन शाळेच्या वर्गात मुलांसोबत मुलीही बसवल्या आणि सांगून बसवल्या, की इतिहासातल्या भेदभावापेक्षा आम्हाला आजच्या मुलींना सामावून घेणे महत्त्वाचे वाटते. हेतू चांगला, मान्य. पण ती आवृत्ती वर्गात वापरायला काढली होती. ती पाहिलेल्या मुलीला वाटेल की दोन हजार वर्षांपूर्वीही शाळेचे दार उघडेच होते. मग ते बंद कुणी केले, हा प्रश्न तिला कसा पडणार?

हा डाव आपण ओळखतो. प्राचीन भारतात स्त्रियांना केवढा मान होता हे सांगताना गार्गी-मैत्रेयीची नावे घेणारे लोक दर आठ मार्चला भेटतात. बाबासाहेबांनीही १९५१ मध्ये ‘महाबोधी’त छापलेल्या हिंदू स्त्रीच्या उत्थान-पतनावरच्या लेखात गार्गी, मैत्रेयी आणि सुलभा यांचे दाखले दिले आहेत. पण त्यांनी ते दिले कशासाठी? हे हिरावून घेणारा कोण, हे विचारण्यासाठी, आणि बोट मनूकडे दाखवण्यासाठी. तीच नावे एक जण गुन्हा झाकायला वापरतो, दुसरा गुन्हेगार पकडायला. कंपनीची कसँड्रा दुर्दैवाने पहिल्या कामाला येते.

गेममध्ये हे जमतच नाही, असे सांगू नका. याच मालिकेत ते जमलेले आहे. २०१२ चा ‘लिबरेशन’ बघा. अठराव्या शतकातले न्यू ऑर्लिन्स, गुलामांच्या बाजाराचे शहर. नायिका आवलीन द ग्रांप्रे, बाप फ्रेंच व्यापारी, आई गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी बाई. ती तीन वेशांत वावरते. उच्चभ्रू बाईच्या झग्यात ती पहारेकऱ्याला लाडीगोडीने फिरवू शकते, पण भिंत चढू शकत नाही. गुलामाच्या कपड्यात ती कामकऱ्यांत मिसळून बड्यांच्या वाड्यात शिरते, कुणी मान वर करून पाहत नाही, पण जरा धावली की लगेच संशय. मारेकऱ्याच्या वेशात हवे ते करता येते, पण शहराची नजर कायम तिच्यावर. कपडे बदलले की रस्ता बदलतो, पहारेकरी बदलतो, दारे उघडतात नाहीतर बंद होतात. वर्ण, वर्ग आणि बाईपण एकमेकांत कसे गुंतलेले असतात, हे आम्हाला एम.ए.ला दोन पेपर लिहून जेवढे कळले नाही तेवढे हा गेम अर्ध्या तासात बोटांना शिकवतो. आणि हा गेम कुठे काढला? हातात धरायच्या छोट्या यंत्रावर. मोठ्या पडद्यावर तो सव्वा वर्षाने आला. काळी बाई नायिका, तिला ओसरीत बसवले.

कपड्यांवरून महाड आठवते. डिसेंबर १९२७ च्या परिषदेवेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळे बोलणे केले. लुगडे गुडघ्यापर्यंत नेसण्याची पद्धत, अंगावरचे जड दागिने, हे जातीचे शिक्के आहेत, ते टाका, असे सांगितले. अनेकींनी तिथेच लुगडे घोट्यापर्यंत नेसले. गेमच्या भाषेत म्हणायचे तर त्यांनी ‘वेश बदलला’. पण गावी परतल्यावर त्या घोट्यापर्यंतच्या लुगड्याची किंमत गावाने वसूल केल्याशिवाय सोडली नसेल, हे सांगायला कुणा इतिहासकाराची गरज नाही. आवलीनच्या वेशाला महाडच्या लुगड्याचे वजन आहे. कसँड्राच्या निवडीला नाही.

हे सगळे आम्ही अभ्यासवर्गात मांडले तेव्हा त्याच बारावीतल्या मुलीने आम्हाला अडवले. ती म्हणाली, ‘ताई, बसमध्ये धक्के, कॉलेजात कोटावाली म्हणून टोमणे, घरी भावाच्या आधी ताट वाढायचे. संध्याकाळी तासभर कसँड्रा झाले तर तिथेही मला तेच दाखवणार का? मला तिथे तरी कुणी अडवू नये.’ आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. आजही पूर्ण आहे असे नाही. तिचा हक्क आम्हाला मान्य आहे, दमलेल्या मुलीला विरंगुळा हवा, प्रबोधन नको. एवढेच म्हणतो की आवलीनच्या गेममध्ये तिला रडवलेले नाही. तिला अडवणारी व्यवस्था दिसते, आणि त्याच व्यवस्थेच्या आंधळेपणाचा फायदा घेऊन ती घाव घालते. अदृश्य असणे हे तिचे हत्यार होते. न अडवणारे जग गोड असते, पण त्यात जिंकायला काही नसते. मुलीला हे अर्धेच पटले. ठीक आहे.

पण तिच्याच मागणीवर कंपनीने काय केले तेही तिला सांगावे लागले. ओडिसीची जाहिरातच होती की तुमची निवड, तुमची कथा. कुणावर प्रेम करायचे, पुरुषावर, बाईवर, की कुणावरच नाही, हे खेळाडूने ठरवायचे. शेकडो मुलींनी कसँड्राला फक्त बायकांवर प्रेम करणारी म्हणून शंभर-शंभर तास खेळवले. आणि जानेवारी २०१९ मध्ये एक जोडकथा आली, तिच्यात तुम्ही काहीही निवडले असले तरी नायिकेचा एका पुरुषाशी संसार आणि मूल ठरलेले. अलेक्सियोस घेतला असेल तर बाईशी. का? तर मालिकेची वंशावळ पुढे न्यायची होती, रक्त पुढे जायला हवे होते. त्या टप्प्याच्या बक्षिसाचे नाव होते ‘मोठे होणे’! बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने माफी मागितली, नाव बदलले, प्रसंगात डागडुजी केली. मूल राहिलेच.

१९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातींवरच्या निबंधात पंचविशीतल्या बाबासाहेबांनी नेमके हेच दाखवले होते. गट बंद ठेवायचा तर लग्न गटातच व्हायला हवे, आणि त्यासाठी बाईवर ताबा हवा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्या ताब्याची साधने. तलवार बाईच्या हाती द्यायला कुणाची हरकत नसते. ऑलिम्पिक खेळ, राक्षस मार, सॉक्रेटिसाला गप्प कर. रक्ताचा प्रश्न आला की मात्र निवडीचे बटण काढून घेतले जाते. ग्रीसच्या गेममध्ये, फ्रेंच कंपनीत, एकविसाव्या शतकात. आपल्याकडे आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता थोडे घराजवळ. या कंपनीचा एक स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे, २०१८ पासून मुंबईतही. आपली काही पोरे ॲनिमेशनचे कोर्स करून अशा कचेऱ्यांत लागली आहेत, आम्हाला त्याचा अभिमान आहे. भारतावर या मालिकेने २०१६ मध्ये एक छोटा गेम काढला, १८४१ च्या शीख राज्यातला. त्यात नायक पुरुष, आणि राजकन्या आहे ती त्याची प्रेयसी. उद्या कुणी पुण्यावर मोठा गेम काढला, पेशवाईच्या अखेरीपासून पुढचा, आणि आधुनिकपणा दाखवत सुरुवातीला विचारले, पुरुष की स्त्री? आम्ही विचारू, कुठली स्त्री? वाड्यातली की वाड्याबाहेरची? ज्या रस्त्यावर अस्पृश्याची सावली चालत नव्हती, त्या रस्त्यावर ‘स्त्री’ हे एकच बटण ठेवणे म्हणजे सवर्ण स्त्रीला सगळ्या स्त्रियांच्या नावावर चढवणे. आपल्या स्त्रीवादात हे आधीच पुष्कळ झाले आहे.

म्हणून आम्ही अभ्यासवर्गात एक उद्योग सुरू केला आहे. दोन पोरांना कोडिंग येते, एकाला चित्रे काढता येतात. लॅपटॉपवाल्या भावाने जुने यंत्र देण्याचे कबूल केले आहे, आणि हे यंत्र त्या मुलीच्या नावावर राहील अशी आम्ही अट घातली. गेम मोठा होणार नाही, होईल की नाही हेही माहीत नाही. नायिका आहे मुक्ता साळवे, फुले दांपत्याच्या शाळेतली मातंग मुलगी, जिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापला गेला. निवडायचे बटण नाही. मुक्ता व्हायचे असेल तर खेळा. पोरांनी लगेच लढाया आखायला घेतल्या, तलवारी, घोडे, भिडे वाड्यावरून उड्या. मुलीने वहीत पुण्याच्या पेठांचा नकाशा काढला होता, तो पुढे सरकवला. म्हणाली, लढाई नंतर बघू, सावित्रीमाईंवर ज्या रस्त्यात शेण पडत होते तो सोडून मुक्ताला शाळेतून घरी जायला कुठली गल्ली उरते, ते आधी ठरवा.